उठावाचे म्हणून विकलेले सपाट रिव्हेट

गेल्या वर्ष-दीड वर्षात कोणाकडून ‘ग्रुप बाय’मध्ये (अनेकांनी मिळून केलेल्या खरेदीत) डाकोटा विमानाच्या १/४८ मॉडेलवर, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीवर, बारकावे चढवायचा डिटेल संच घेतला असेल, तर तो आत्ता कपाटातून काढा. उठावाच्या, म्हणजे वर आलेल्या रिव्हेटच्या शीट, पितळी फोटो-एचची (रसायनाने कोरलेल्या बारीक भागांची) एक पट्टी आणि रेझिनची दोन इंजिनं, सगळं एकाच झिपच्या पिशवीत, असा तो संच. हे वाचता वाचता भिंगाखाली धरा. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी पिशवी उघडलीच नव्हती, आणि विकणाऱ्याची सगळी मदार त्यावरच होती.

ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमानाचा पत्रा हजारो रिव्हेट ठोकून सांगाड्यावर बसवलेला असतो, आणि हे रिव्हेट मुख्यतः दोन प्रकारचे. एकाचं डोकं पत्र्याशी सपाट बसतं, दुसऱ्याचं गोल डोकं वर राहतं. सपाट बसवायला वेळ आणि पैसा जास्त लागतो, म्हणून गरज असेल तिथेच ते वापरतात. स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान बनवणाऱ्यांनी ही गरज कशी शोधली तो किस्सा मला फार आवडतो. त्यांनी सपाट रिव्हेटांवर सुक्या वाटाण्याच्या डाळी चिकटवल्या, विमान उडवलं, आणि एकेका भागावरच्या डाळी काढत वेग मोजला. सगळीकडे गोल डोकी असती तर ताशी २२ मैलांपर्यंतचा वेग गमवावा लागला असता, असं निघालं. डाकोटाला असली घाई नव्हती. त्याच्या अंगावर बहुतेक ठिकाणी गोल डोक्यांच्या रांगा उघड दिसतात.

मॉडेलवर सपाट रिव्हेट दाखवायचे तर दातेरी चाक फिरवून बारीक खड्ड्यांची ओळ पाडता येते. गोल डोक्यांना ते चालत नाही, तिथे उठावच हवा. त्यासाठी आर्चर, एचजीडब्ल्यू यांसारख्या परदेशी कंपन्या डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्राच्या) फिल्मवर बारीक उठावाचे ठिपके बसवून विकतात. शीट पाण्यात भिजवायची, ओळ कापून जागेवर सरकवायची, सेटिंग सोल्यूशन (फिल्म मऊ करून बसवणारं द्रव) लावायचं आणि वरून प्रायमर मारायचा. नीट जमलं तर फिल्म दिसेनाशी होते आणि फक्त डोकी उरतात. किती बारीक काम आहे बघा: ३.२ मिलिमीटर दांड्याच्या नेहमीच्या गोल रिव्हेटचं डोकं साधारण सव्वासहा मिलिमीटरचं असतं. त्याला ४८ ने भागलं की ०.१३ मिलिमीटर उरतात.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे मोनोग्राम कंपनीच्या डाकोटाचा जुना किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा खोका होता आणि तो मला व्हीपी ९०५ म्हणून करायचा होता. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटाचा हा क्रमांक. २०१८ मध्ये वायुदलाला भेट मिळालेल्या ‘परशुराम’ या डाकोटावरही तोच रंगवला आहे. चंदेरी उघड्या पत्र्याचं विमान, त्यामुळे रिव्हेट नसतील तर साठ सेंटिमीटरचे पंख पत्र्याच्या डब्यासारखे गुळगुळीत दिसणार.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक जण होता. बोलायला गोड आणि माहितगार वाटणारा. परदेशातून एकत्र माल मागवतो म्हणायचा, शिपिंग वाटून घेऊ म्हणायचा. मी आधी लहान तुकडा मागितला. त्याने पाव शीट पाठवली आणि ती अस्सल होती. मी ती जुन्या पंखावर लावून, प्रायमर मारून, नखाने तपासली. मग मोठ्या ऑर्डरआधी तिरप्या उजेडातला व्हिडिओ मागितला. तोही आला. प्रत्येक ठिपक्याला सावली पडलेली स्वच्छ दिसत होती. यापेक्षा जास्त गिऱ्हाइकाने काय तपासायचं, मला सांगा.

डावच हा होता. पाव शीट अस्सल, व्हिडिओ अस्सल शीटचा आणि माल बनावट. एक खरी शीट विकत घेतली की तिच्या तुकड्यांवर दहा जणांचा विश्वास विकत घेता येतो.

पैसे आगाऊ घेतले, माझे साडेआठ हजार. मग महिनाभराने निरोप आला, ‘कस्टमने ड्यूटी लावलीय, प्रत्येकी अकराशे’. ग्रुप बायमध्ये ड्यूटी वाटून भरतात हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. एकाने पावती मागितली तर ‘एजंटकडे आहे’ असं उत्तर आलं. परदेशी पार्सल टपालाने आलं तर ड्यूटी पोस्टमन दारात घेतो आणि पावती देतो. कुरिअरने आलं तर कंपनी कागद देते. कागद नाही तर ड्यूटी नाही, इतकं हे सरळ आहे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर तर तिसऱ्याच माणसाचं नाव आलं. ‘भावाचं खातं आहे,’ म्हणाला.

पार्सल मात्र आलं. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं इथेच अडलं. पैसे घेऊन पळणारा चोर पकडायला सोपा असतो. हा पळाला नाही. त्याने ट्रॅकिंग नंबर दिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, गटात ‘सगळ्यांना पोचलं ना?’ असं विचारलं आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले. मॉडेल करणारी माणसं घेतलेला माल लगेच वापरत नाहीत. किटांचा साठा कपाटात असतो आणि डिटेल संच त्या त्या किटच्या खोक्यात जाऊन पडतो, कधी कधी पाच-पाच वर्षं. तक्रार करायची वेळ येईपर्यंत गट बदललेला असतो आणि नंबर बंद असतो.

माझा डाकोटा टेबलावर असल्यामुळे मी संच लगेच उघडला. पहिली ओळ पाण्यात टाकली आणि बशीत जांभळट धूर पसरला. अस्सल शीटचे ठिपके पाण्यात विरघळत नाहीत. घरगुती इंकजेटवर छापून वर वार्निश न मारलेल्या डेकलची शाई मात्र अशीच सुटते. दहापट भिंगाखाली बाकीची शीट धरली. ठिपका म्हणजे एक काळा थेंब नव्हताच. निळ्या, गुलाबी, पिवळ्या कणांचा तो झुबका होता आणि कडा केसाळ दिसत होत्या. स्कॅन करून छापलेलं होतं.

आमच्या इमारतीत एक काका राहतात. त्यांनी ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात मिग-२१ च्या पत्र्यावर काम करून निवृत्ती घेतली आहे. त्यांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, शीट खिडकीशी आडवी धरली आणि अंगठ्याचं नख ओळीवरून ओढलं.

“अरे, हे छापलंय. रिव्हेटला सावली पडते, हाताला लागतो तो. हे काय, वहीवरचे ठिपके?”

“काका, व्हिडिओत उठाव दिसत होता.”

“मग व्हिडिओच लाव विमानावर.”

इंजिनांची तऱ्हा वेगळीच. डाकोटाला ट्विन वास्प, म्हणजे आर-१८३० हे १४ सिलिंडरचं, सातसातच्या दोन रांगांचं इंजिन. त्याचा व्यास ४८ इंच, म्हणजे १/४८ मध्ये बरोबर एक इंच, २५.४ मिलिमीटर. कॅलिपरने मोजलं तर २४.६ भरलं. एवढ्यावरून मी बोललो नसतो, कारण प्लास्टिकच्या काउलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) जाडी सांभाळायला काही उत्पादक मुद्दाम लहान करतात. सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे होते, तेही एखादवेळी अस्सल मालात निघतात. खरी चोरी मागच्या बाजूला सापडली. रेझिनचा भाग ओततात तेव्हा त्याच्या पाठीला एक जाड खुंट असतो आणि वापरणारा तो करवतीने कापतो. माझ्या इंजिनाच्या पाठीवर करवतीचे ओरखडे होते, पण त्या ओरखड्यांच्या आत साच्यातून निघालेल्या रेझिनची चकाकी होती. कापलेली जागा मंद, भुरकट दिसते. म्हणजे कोणीतरी अस्सल इंजिन कापलं, ते सिलिकॉनमध्ये बुडवून साचा केला आणि आम्हाला त्या साच्यातला माल दिला. करवतीच्या खुणाही ओतूनच आल्या. दुसऱ्या इंजिनाच्या पाठीवर तेच ओरखडे, त्याच कोनात. मग गटातल्या नाशिकच्या एका मित्राला फोटो पाठवायला सांगितलं. त्याच्याकडेही तेच.

हा शोध लागला नसता तर ‘तुमच्याच हातून खराब झालं’ हे त्याचं उत्तर कदाचित टिकलं असतं. ते उत्तर त्याने दिलंच. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाला, व्हिडिओनंतर माल बदलला असेल. नंतर गटातून गेला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर नोंदही केली. पोलीस ठाण्यात मात्र पहिला प्रश्न आला, “वस्तू मिळाली ना तुम्हाला?” मिळाली म्हटल्यावर, दर्जाचा वाद आहे, ग्राहक मंचात जा, असं सांगण्यात आलं. साहेबांचं अगदीच चुकलं असंही म्हणणार नाही. समोर ठिपक्यांचा कागद ठेवून कोणी ‘हे सपाट आहे’ म्हणून रडत असेल तर मीही गोंधळलो असतो. चित्र पालटलं ते सात जणांनी एकत्र अर्ज दिल्यावर. सातही जणांचे पैसे त्या एकाच ‘भावाच्या’ खात्यात गेले होते, ड्यूटीची एकही पावती नव्हती आणि इंजिनांवरचे ओरखडे सारखे होते. कस्टमच्या नावाखाली पैसे उकळणं हा दर्जाचा वाद होत नाही, हे साहेबांना पटलं आणि भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली तक्रार घेतली गेली. पैसे अजून परत आलेले नाहीत. व्यवहार होऊन बरेच दिवस झाले होते. ताजा असताना १९३० ला कळवलं तर रक्कम रोखण्याची शक्यता बरीच जास्त असते.

अजून एक खूण सांगतो, ती मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. या माणसाच्या यादीत ‘मस्टँगच्या पंखांसाठी संपूर्ण उठावाचे रिव्हेट’ हाही संच होता. पी-५१ मस्टँगच्या पंखावर हवा घसरत राहावी म्हणून कारखान्यात पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे पुट्टीने भरून, घासून, वर रंग मारत. ज्या पंखावरचा रिव्हेट लपवायला त्या काळात एवढी मेहनत घेतली, तिथे उठावाची डोकी विकणाऱ्याला विमान ठाऊक नाही, त्याला फक्त गिऱ्हाईक ठाऊक आहे. (किट बनवणाऱ्या काही कंपन्याही मस्टँगच्या पंखांवर रिव्हेट कोरून ठेवतात, तो राग वेगळा.)

पुढे घेताना मी काय करतो ते सांगतो. पूर्ण शीटचा व्हिडिओ मागतो, पण त्यात शीटशेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र आणि चिठ्ठीवर माझं नाव हवं. पार्सल आलं की त्याच संध्याकाळी प्रत्येक शीटच्या कोपऱ्यातली एक ओळ कापून भंगार पंखावर लावतो, चंदेरी रंग मारतो आणि टॉर्च आडवी धरतो. रेझिनचा खुंट न कापलेलाच हवा असं आधीच लिहून घेतो. साच्यातून नक्कल करणाऱ्याला तो द्यायला जड जातो. पैसे ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्याच नावावर, भाऊ-मेहुणा चालत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलाने मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हापासून त्याच्या किटना आणि डिटेल संचांना आमच्या मंडळींत मागणी आहे. परवा दुसऱ्या एका गटात १/४८ मिग-२१ च्या ‘इम्पोर्टेड उठावाच्या रिव्हेट’ची जाहिरात आली. नाव नवं, नंबर नवा. फोटोत खाली हिरवी कटिंग मॅट आहे आणि तिच्या डाव्या कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्न टेकून पडलेला गोल काळा डाग आहे. आमच्या डाकोटाच्या व्हिडिओतही तीच मॅट होती. त्या फोटोचा स्क्रीनशॉट मी तक्रारीला जोडला आहे. तुमच्याही गटात तो डाग दिसला तर पैसे पाठवू नका, आणि त्याने जाहिरात काढून टाकायच्या आधी फोटो, नंबर आणि क्यूआरवर येणारं नाव जपून ठेवा.