फाटकाचं कुलूप उघडलं नाही: शिकारीच्या जमिनीच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

१ ऑक्टोबर २०२३, रविवार, पहाटेचे पावणेसहा. मिशिगनच्या जॅक्सन काउंटीत एका शेताच्या फाटकासमोर मी कपाळावर दिवा बांधून उभा होतो आणि कुलपाचे आकडे फिरवत होतो. मला कळवलेले चारही आकडे बरोबर जुळवले, तरी कुलूप हलेना. थंडीनं बोटं बधिर झाली होती, म्हणून वाटलं एखादा आकडा नीट बसत नसेल. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा दिव्याचा उजेड नीट त्यावर पडला तेव्हा दिसलं, कुलूप जुनं होतं, कडेनं गंजलेलं. मला पाठवलेल्या फोटोतलं कुलूप नवं कोरं पितळी होतं.

तेवढ्यात मागून पिकअपचे दिवे अंगावर आले. सत्तरीच्या पुढचे एक शेतकरी. त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं, फाटकाला टेकवलेल्या धनुष्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "या आठवड्यात आलेले तुम्ही तिसरे."

त्या जमिनीवर हंगामभर शिकार करायला मिळावी म्हणून भाड्यापोटी दिलेले माझे १,२०० डॉलर गेले होते. पैशाचं दुःख झालंच, पण त्या मिनिटाला छातीत धडधडत होतं ते वेगळ्याच कारणानं. मालकाच्या परवानगीशिवाय शेतजमिनीवर शिकार करणं हा मिशिगनमध्ये गुन्हा आहे. अंधारात, दुसऱ्याच्या फाटकाशी, हातात धारदार पात्यांचे बाण घेऊन मी उभा होतो. ते गृहस्थ शांत स्वभावाचे होते म्हणून निभावलं. कुलूप चुकून उघडलं असतं तर मी बिनदिक्कत आत जाऊन बसलो असतो.

हे सगळं कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी बरेच जण इकडे धनुष्यबाणानं शिकार करायच्या या छंदाकडे वळताहेत आणि आम्हाला फसवणं सोपं का आहे ते मला आता नीट कळलं आहे.

मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, डेट्रॉईटजवळ कँटनला राहतो. पाच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यानं मला साधं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य हातात दिलं. नेम धरायची पिन नाही, चाकं-कप्प्या नाहीत. लाकूड, फायबर, दोरी आणि तीन बोटांचा चामडी पंजा, बस्स. याच डेट्रॉईटमध्ये पॅकार्डच्या कारखान्यात साचे करणाऱ्या फ्रेड बेअरनं १९३३ मध्ये धनुष्यांचा धंदा सुरू केला, मिशिगनमध्ये धनुष्यबाणानं हरणाच्या शिकारीचा पहिला स्वतंत्र हंगाम १९३७ साली झाला, हे सगळं मला त्याच सहकाऱ्यानं सांगितलं. त्याला मी काका म्हणायला लागलो. काका म्हणजे काय तेही त्याला समजावून सांगितलं, आणि तो खूश झाला.

माझं धनुष्य ४५ पौंडाचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो. पंधरा यार्डांपलीकडे मी हरणावर बाण सोडत नाही, कारण त्यापुढे माझा हात भरवशाचा नाही आणि जनावर जखमी होऊन पळणं मला सहन होणार नाही. पुण्याच्या टीमबरोबरचा कॉल संपला की रात्री गॅरेजमध्ये दहा पावलांवरून वीस बाण मारतो. दिवसभरात डोकं शांत होतं ते तेवढ्यातच.

पण सरावाला अर्धा तास पुरतो, शिकारीला वेळ लागतो. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, १५ नोव्हेंबरपासून बंदूकवाले येतात. म्हणजे सहा-सात शनिवार-रविवार. त्यात ऑफिसातले सॉफ्टवेअर रिलीज, मुलीचे वर्ग, मंडळाची दिवाळी. वॉटरलूच्या सरकारी जंगलात शनिवारी उजाडायच्या आत पोचलं तरी गाड्या लावायला जागा नसते. पंधरा यार्डांवर हरीण यायचं तर जागा शांत लागते आणि तिची ओळख लागते. मला दोन्ही नव्हतं.

जुलैत जाहिरात दिसली. ४५ एकर, मधून ओढा, ओकचा पट्टा, दोन मचाणं तयार. 'फक्त धनुष्यवाले. एकाच माणसाला देणार. नोकरी करणाऱ्यांना सोयीचं, शुक्रवारी रात्री या आणि रविवारी जा.' माझ्याच मनातलं वाचून लिहिल्यासारखं वाटलं. हंगामभर मालकातर्फे मक्याचा ढीग घातला जाईल, असंही होतं.

लिहिणारा स्वतःला मालकाचा पुतण्या म्हणवत होता. काकांचं वय झालंय, व्यवहार मी बघतो. बोलणं सगळं मेसेजवर. फोन केला की 'ट्रॅक्टरवर आहे, ऐकू येत नाही.' करारनामा मात्र व्यवस्थित पाठवला. त्यात जमिनीचा पार्सल नंबर, म्हणजे आपल्या गट नंबरासारखा सरकारी क्रमांक, होता, मालकाचं पूर्ण नाव होतं. मी काउंटीच्या वेबसाइटवर नंबर टाकला. नाव जुळलं. तिथेच मी निर्धास्त झालो, आणि तिथेच फसलो. ती माहिती सगळ्यांसाठी खुली असते. मला दिसली तशी त्यालाही दिसली होती, त्यानं ती करारात उतरवून घेतली. नाव जुळलं याचा अर्थ एवढाच की त्या नावाचा मालक आहे. माझ्याशी बोलणारा त्याचा कोणी लागतो, हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

जमीन बघायला कधी येऊ विचारलं तर म्हणाला सोयाबीन उभं आहे, तुडवायला नको, सप्टेंबरअखेर या. दोघेजण मागे लागलेत, विसार द्या म्हणजे थांबवतो. मी ५०० दिले. तीन आठवड्यांनी कुलपाचा आकडा हवा असेल तर बाकीचे ७००. तेही दिले. दोन्ही वेळा फोनवरून बँकेतून बँकेत, क्षणात पोचणारे. दुसरे पैसे पाठवले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दुसऱ्या खिडकीत माझा कॉल चालू होता.

गावाकडे दहा गुंठे घ्यायचे असले तरी आपण आधी सातबारा काढतो, बांधावर जाऊन उभे राहतो, शेजारच्या शेतकऱ्याला विचारतो. माझ्या वडिलांनी तर भाऊबंदाच्या जमिनीचाही उतारा काढूनच सही केली असती. मी मात्र न बघितलेल्या रानासाठी पैसे पाठवले. वेळ नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला जास्त जड जातं. इथल्या शेतकऱ्याकडे परवानगी मागताना आपण बाहेरचे आहोत हे मनात असतंच. जास्त प्रश्न विचारले, ओळखपत्र दाखवा म्हटलं, तर उद्धट वाटेल, हातची जागा जाईल, म्हणून मी गप्प बसलो.

आणि विचारायचं तरी कोणाला? आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे मंडळात मी हा विषय काढत नाही. आईला माहीत नाही. बायकोला माहीत आहे, पण तिला यातलं काही ऐकायची इच्छा नसते. सहकारी काकाला आयत्या वेळी चकित करायचं ठरवलं होतं. ज्या गोष्टीबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही, तिथे आपल्याला कोणी सावध करू शकत नाही.

नंतर काकाला त्या 'पुतण्यानं' पाठवलेले फोटो दाखवले तेव्हा त्यानं अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी दाखवल्या. रानात झाडाला बांधून ठेवतात त्या कॅमेऱ्यातल्या हरणाच्या फोटोखाली तारीख-तापमानाची पट्टी असते, ती कापलेली होती. हरणामागची झाडं फर आणि पांढऱ्या सालीचे बर्च. हे उत्तरेकडचं रान, जॅक्सनचा ओक-हिकरीचा पट्टा असा दिसत नाही. आणि मक्याचा ढीग. मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पात हरणांना असं आमिष घालायला २०१९ पासून बंदी आहे, हरणांमधला रोग पसरू नये म्हणून. हा नियम मला पाठ होता. तरी जाहिरात वाचताना तो आठवला नाही. जमीन देणारा आपणहून बेकायदेशीर गोष्ट कबूल करत असेल तर एकतर तो तिथला नाही, नाहीतर तुमच्यासारख्याला अडचणीत आणायला त्याला काही वाटत नाही.

बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. शेरीफच्या कार्यालयात तक्रार नोंदवली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्रात ऑनलाइन अर्ज भरला. मेसेज, करार, पैसे पाठवल्याची पावती, सगळं जोडलं. तुम्ही फसलात तर त्याच दिवशी हे करा, आणि लाजेनं मेसेज पुसून टाकू नका. मी जवळजवळ टाकलेच होते.

जमीन भाड्यानं घ्यायची असेल तर काउंटीच्या नोंदीत मालकाचा पत्रव्यवहाराचा पत्ताही सहसा असतो. त्या पत्त्यावर जा, दार वाजवा, किंवा साधं पत्र टाका. पुतण्या, जावई, व्यवस्थापक कोणीही असो, मूळ मालकाच्या तोंडून ऐका. जमिनीवर पाय ठेवल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका. त्या शेतकऱ्यांनी मला सांगितलं की खरा देणारा आधी तुमचीच चौकशी करतो: गाडी कुठे लावणार, किती वाजता येणार, विम्याचा कागद आहे का. माझ्या 'पुतण्यानं' मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

वेळ कमी असणाऱ्यांसाठी एक रस्ता आहे जो मला तेव्हा माहीत नव्हता. मिशिगन सरकार १९७७ पासून खासगी शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांच्या जमिनी शिकारीसाठी खुल्या करून घेतं, हंटिंग ॲक्सेस प्रोग्रॅम म्हणतात. यादी आणि नकाशे सरकारी वेबसाइटवर आहेत, शिकाऱ्याला वेगळे पैसे पडत नाहीत. गेले दोन हंगाम मी तिथेच जातो. अजून हरीण पंधरा यार्डांत आलेलं नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये तीच जाहिरात पुन्हा दिसली. काउंटी दुसरी, एकर ६०, नोकरी करणाऱ्यांना सोयीचं हे वाक्य तसंच. मी ती लगेच कळवली, दोन दिवसांनी ती निघाली. फोटो मी जपून ठेवलेत. फाटकावर तेच नवं कोरं पितळी कुलूप आहे.