ब्रॉडबँडबरोबरचा ओटीटी पॅक: जवळजवळ वर्षभर वापरल्यावर

आमच्या सांगलीतल्या केबलवाल्याने २०२४ च्या दिवाळीत इंटरनेटला ओटीटी, म्हणजे नेटवरून सिनेमे-मालिका दाखवणारी ॲप, जोडून पॅक काढला. नुसत्या नेटपेक्षा महिन्याला दोनेकशे रुपये जास्त आणि पत्रकावर वीसेक ॲपचे लोगो. केबलवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण असे पॅक आता गावोगावी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. घरात आईला मालिका, बाबांना क्रिकेट, बायकोला इंग्रजी सिरीज लागतात. मी जे लागलेलं असेल ते बघतो.

निकाल आधीच सांगतो. पॅक चालू ठेवलाय, पण महिन्याच्या हिशोबाने. वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट, अशी ऑफर केबलवाला अधूनमधून पुढे करतो आणि मी नको म्हणतो. पॅकमध्ये सहा महिन्यांनी काय असेल हे त्यालाच माहीत नसतं.

याच वर्षाचं बघा. पॅक घेतला तेव्हा पत्रकावर जिओसिनेमा वेगळं होतं आणि डिस्ने प्लस हॉटस्टार वेगळं. १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्ने यांचं भारतातलं विलीनीकरण पुरं झालं, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं. दोन लोगोंचा एक झाला, पॅकची किंमत तीच राहिली. तक्रार करावी तर आईचा उलट फायदाच झाला. स्टार प्रवाहच्या मालिका हॉटस्टारवर होत्या, कलर्स मराठीच्या आधी वूटवर आणि २०२३ मध्ये वूट गुंडाळल्यावर जिओसिनेमावर. आता दोन्ही एकाच ठिकाणी. झी मराठीसाठी झी५ आणि सोनी मराठीसाठी सोनीलिव्ह मात्र उघडावंच लागतं. आईने रिमोटच्या पाठीवर वहीचा कागद चिकटपट्टीने लावलाय: कुठल्या वाहिनीला कुठलं ॲप. त्यात कलर्सपुढे वूट खोडून जिओसिनेमा आणि तेही खोडून बारीक अक्षरात जिओहॉटस्टार लिहिलंय, कारण आता जागाच उरली नाही.

हे सगळं का झालं ते बाबांना विचारा, ते आयपीएलपासून सुरू करतील, आणि त्यांचं बरोबर आहे. २०१५ मध्ये निघालेलं हॉटस्टार वाढलं ते मुख्यतः क्रिकेटवर. जून २०२२ च्या लिलावात पाच हंगामांचे भारतातले डिजिटल हक्क रिलायन्सच्या गटातल्या, जिओसिनेमावाल्या वायकॉम१८ ने २३,७५८ कोटींना उचलले. टीव्हीचे हक्क हॉटस्टारवाल्या डिस्नेच्या स्टारकडेच राहिले, तेही २३,५७५ कोटींना. म्हणजे मोबाइलवरचं क्रिकेट टीव्हीपेक्षा महाग पडलं. एवढा पैसा ओतून २०२३ चं आयपीएल जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट दाखवलं. इकडे हॉटस्टारचे वर्गणीदार ऑक्टोबर २०२२ मध्ये सहा कोटींच्या वर होते, ते पुढच्या जुलैपर्यंत चार कोटींच्या आसपास आले. मग हॉटस्टारनेही त्या वर्षीचा आशिया कप आणि वर्ल्ड कप मोबाइलवर फुकट दिला. एकाच गल्लीत दोन पाणीपुरीवाले समोरासमोर उभे राहिले की खाणाऱ्याची चंगळ असते, तसे ते दिवस होते. दोघांची गाडी एक झाली आणि २०२५ च्या आयपीएलसाठी लोक वर्गणी किंवा रिचार्जच्या योजना शोधू लागले. बाबा अजून म्हणतात, भांडत होते तेच बरं होतं.

बायकोच्या सिरीजचं तर फिरून भोपळे चौकात. एचबीओ या अमेरिकन वाहिनीचा माल हॉटस्टारवर होता, तो ३१ मार्च २०२३ ला गेला. दीडदोन महिन्यांनी तो जिओसिनेमाच्या ९९९ रुपयांच्या वार्षिक प्रीमियमवर उगवला. पुढच्या एप्रिलमध्ये तेच प्रीमियम महिन्याला २९ रुपयांवर आलं. वर्षाचे भरून बसलेल्यांना काय वाटलं असेल! आता दोन्ही ॲप एक झाल्यावर तो माल परत जुन्याच घरी. अशा स्थलांतरात पैशापेक्षा जास्त वैताग बारीकसारीक गोष्टींचा येतो. आपण कुठल्या भागापर्यंत आलो होतो, पुढे बघायचं म्हणून काय बाजूला ठेवलं होतं, ही यादी नव्या ॲपवर पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. बायको हल्ली सिरीजचा भाग क्रमांक मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवते.

आता पॅकच्या खऱ्या तक्रारी. त्या ॲपच्या नाहीत, पॅक विकणाऱ्याच्या आहेत. पहिली म्हणजे, यादीत नाव आहे म्हणून ते टीव्हीवर दिसेलच असं नाही. आमच्या पॅकमधल्या दोन ॲपचा फक्त मोबाइलचा प्लॅन निघाला: एकच स्क्रीन, तीही हातातली. पत्रकावर हे कुठेच नव्हतं. विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, ते सगळ्यांचंच तसं असतंय." दुसरी तक्रार ओटीपीची. सगळी खाती कनेक्शनच्या नंबरवर, आणि कनेक्शन बाबांच्या नावावर. बाबा मळ्यावर गेले की ओटीपीही मळ्यावर. आई मग फोन करते, बाबा ट्रॅक्टर थांबवून आकडे सांगतात, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. पॅक घेताना नंबर घरात थांबणाऱ्या माणसाचा द्या, एवढं तरी करा.

वीस ॲपमधली आम्ही बघतो चार. एमएक्स प्लेअर यादीत होतं, पण ते जाहिरातींसकट तसंही सगळ्यांना फुकट आहे. ॲमेझॉनने ते २०२४ मध्ये घेतलं आणि आपल्या मिनीटीव्हीशी जोडलं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अश्लील मजकुरावरून पंचवीस ॲप आणि वेबसाइट बंद करायला सांगितल्या, त्यात उल्लू आणि ऑल्ट होती. ऑल्ट आमच्या पत्रकावर होतं. लोगो अजून तसाच आहे, आकडाही वीसचाच सांगतात.

नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉनचं प्राइम या किमतीत मिळत नाहीत. प्राइम आम्ही वेगळं घेतो, घरपोच सामानासाठी म्हणून. तिथेही १७ जून २०२५ पासून सिनेमांच्या मध्ये जाहिराती सुरू झाल्या, नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे. एकंदर वारा कुठल्या दिशेने आहे ते कळतं.

मित्र विचारतात की मराठी ॲप थेट का घेत नाही. प्लॅनेट मराठी २०२१ मध्ये आलं, अल्ट्रा झकास २०२३ मध्ये, आणि मराठीला स्वतःची जागा हवी याबद्दल वाद नाही. मीही घेईन, पण तेही महिन्याच्या बोलीवर. त्यात मराठीचा काही दोष नाही. हूक नावाचं ॲप आठवतंय? मागे सिंगटेल, सोनी आणि वॉर्नर अशी तीन बलाढ्य नावं होती. २०१५ ला निघालं, एप्रिल २०२० ला कुलूप. अमेरिकेतल्या क्विबी ॲपने तर पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये दुकान उघडलं आणि त्याच डिसेंबरात बंद केलं. मालक मोठा म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ द्यावेत हे मला पटत नाही. आता ओटीटी वर्षाचं घेतलं तर स्वस्त पडतं, मान्य. जिओहॉटस्टारचा दोन स्क्रीनचा सुपर प्लॅन आला तेव्हा तीन महिन्यांना २९९ आणि वर्षाला ८९९ होता. तीन-तीन महिन्यांचे चारदा भरले तर ११९६, म्हणजे वर्षाला फरक जवळजवळ तीनशेचा. घरात एकच माणूस बघणारा असेल आणि त्याला एकच ॲप पुरत असेल, तर पॅक सोडा आणि सरळ त्या ॲपची वर्गणी घ्या.

आमच्यासारख्या तीन आवडींच्या घराला पॅक परवडतो. मार्च ते मे तो लागतोच. आयपीएल संपल्यावर जून-जुलैत आम्ही साध्या नेटवर आलो होतो, आईसाठी फक्त झी५ ठेवलं. श्रावणात परत पॅक घेतला. परत घेताना जोडणीचे पैसे मागितले नाहीत, हे केबलवाल्याच्या बाजूने लिहायला हवं. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मोबाइलच्या प्लॅनसाठी कापला, एक त्या ओटीपीसाठी.