इन्शुलिन पंप, नऊ महिन्यांनंतर: झोप परत मिळाली पण डोक्याचा ताप गेला नाही

लिहीन लिहीन म्हणत नऊ महिने गेले. मला टाइप वन मधुमेह आहे, अकराव्या वर्षापासून, म्हणजे २२ वर्षं झाली, आणि इतकी वर्षं दिवसाला चार इंजेक्शनं, तीन जेवणाआधीची आणि एक रात्रीचं लाँग ॲक्टिंग, म्हणजे हळूहळू दिवसभर पुरणारं. मागच्या वर्षी रात्रीचे हायपो (साखर एकदम खाली जाणं) इतके वाढले की नवरा अलार्म लावून दोन वाजता उठून माझं कपाळ चाचपायचा, घाम आलाय का बघायला. तेव्हा डॉक्टर म्हणाले आता पंप घ्याच, म्हणजे कमरेला अडकवायचं, नळीतून त्वचेखाली सतत इन्शुलिन सोडणारं छोटं मशीन. कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या निम्म्या तक्रारी कुठल्याही नळीवाल्या पंपाला लागू पडतील.

आधी एक गैरसमज. "आता तर मशीनच सगळं करतं ना?" नाही हो! दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर वाचतो आणि पंप त्याप्रमाणे बेसल (दिवसरात्र थेंबथेंब जाणारं इन्शुलिन) कमीजास्त करतो, साखर पडायला लागली की इन्शुलिन थांबवतो, एवढं तो आपापला करतो. पण मी काय खाणार ते त्याला मीच सांगायचं, किती ग्रॅम कार्ब ते, आणि तेही जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. फुलका १५ ग्रॅम, हे पाठ झालं. तर्री पोह्याची प्लेट मी ४५ धरते आणि तरी दर वेळी ठेलेवाल्या दादांचा हात किती सैल सुटलाय ते बघावं लागतं. सावजीचं गणित तर अजून जमलेलं नाही, तेलामुळे साखर तेव्हा चढतच नाही आणि चार तासांनी, आपण निवांत झोपलो की, वर जाते.

पण रात्री. यासाठी मी पैसे दिले असं म्हणेन. पहाटे तीन ते सात माझी साखर काही न खाता चढायची, इंजेक्शनच्या पेनवर त्याला इलाजच नव्हता, लाँग ॲक्टिंग वाढवलं की दोन वाजता हायपो. पंपावर पहाटेचा बेसल वेगळा ठेवता येतो, आणि ऑटो मोडमध्ये तो स्वतःच बघून घेतो. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ होतं ते ७.१ झालं, साखर ७० ते १८० च्या मध्ये राहण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ७४. नवऱ्याचा दोनचा अलार्म बंद. (आता त्याच्या जागी पंपाचा वाजतो, सेन्सरच्या दंडावर झोपले की दाबामुळे खोटीच लो दाखवतो, पण कूस बदलली की दहा मिनिटांत गप.)

आता मोठा धडा. तिसऱ्या महिन्यात रात्री साडेदहाला सेट (पंपाची नळी आणि तिचं त्वचेत बसणारं टोक) बदलला आणि झोपले. अलार्मला कंटाळून साखर चढल्याचा अलर्ट मीच बंद करून ठेवलेला, ही चूक माझीच. सकाळी उठले तर तोंडाला कोरड, मळमळ, साखर ३८०, किटोनची (इन्शुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी घातक आम्लं) पट्टी गडद जांभळी. सेट उपटून बघितला तर कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली जाणारी बारीक नळी, मोडलेल्या उदबत्तीसारखी मधेच वाकलेली. ब्लॉकेजचा अलार्म वाजलाच नाही कारण इन्शुलिन आत न जाता बाजूनं झिरपत होतं, बनियनला तो फिनेलसारखा वास येत होता. पंपात फक्त झटपट चालणारं इन्शुलिन असतं, मागे लाँग ॲक्टिंगचा आधार नसतो, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच किटोन व्हायला लागतात. हे ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं, पण ऐकणं वेगळं. आधी पेननं इंजेक्शन, मग नवा सेट, मग पाणी पाणी पाणी. तेव्हापासून सेट सकाळीच बदलते आणि दोन तासांनी साखर बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

नागपूरचा मे महिना हा वेगळाच विषय आहे. ४५ डिग्रीत घामानं सेटची टेप सुटते, वरून मायक्रोपोर मारावा लागतो. पंपातलं इन्शुलिन ३७ च्या वर तापलं तर फेकून द्यायचं, म्हणून स्कूटीवर पंप दुपट्ट्याच्या आत, उन्हात अजिबात नाही. लाइट गेली की आईची जुनी युक्ती, वायल (इन्शुलिनची बाटली) प्लास्टिकच्या डबीत आणि डबी पाण्याच्या मडक्यात. फ्रिजमधून काढून लगेच रिझर्व्हॉयर (पंपातली इन्शुलिनची टाकी) भरू नका, बुडबुडे होतात, अर्धा तास बाहेर ठेवा. आणि ३०० युनिट मावतात म्हणून ३०० भरू नका, दिवसाला ३८ लागतात आणि तीन दिवसांनी सेट बदलायचाच असतो, मी १४० भरते.

वायलवरून आठवलं, हे नीट वाचा. पंपाला मिलीला १०० युनिटचीच वायल लागते. आपल्याकडे ४० युनिटची अजूनही सर्रास मिळते. एका मेडिकलवाल्यानं मला ४० ची रेग्युलर काढून दिली, वर "सेमच आहे मॅडम". सेम कसलं, दर मिलीला निम्म्याहून कमी इन्शुलिन, आणि पंपाला ते कळणार पण नाही! लेबल स्वतः वाचायचं.

कपड्यांचं कोणी सांगत नाही. साडीत पंप परकराच्या नाडीला अडकवते, पण मग लग्नात बोलस (जेवणाचा डोस) द्यायला बाथरूम शोधत फिरा. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरच्या हँडलला नळी अडकून दोनदा सेट उपटून आला, एकदा हातात गरम कढई असताना. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे काय वं कमरेला, पेजर हाय का?" मी हो म्हटलं, सोपं पडलं.

खर्च? पंपाला एका बऱ्या सेकंड हँड गाडीचे पैसे गेले, ते एकदाचे. खरा फटका दर महिन्याचा, सेट, रिझर्व्हॉयर, सेन्सर मिळून पाच आकडी, आणि विम्यानं हात वर केले. महिन्याचं गणित बसत नसेल तर पंप घेऊ नका, बंद पडलेला पंप कपाटात ठेवण्यापेक्षा पेन आणि सेन्सर बरा.

घ्यायचाच असेल तर आधी डेमो मागा, डॉक्टरांना विचारून सलाइन भरून तीन दिवस लावून बघा, आणि त्या तीन दिवसांत एकदा साडी नेसा, एकदा स्कूटीवर भर दुपारी बर्डीला (सीताबर्डी बाजारात) जाऊन या आणि एकदा पोटावर झोपून बघा.