मालवण की सावंतवाडी? परत येणाऱ्या चाकरमान्यासाठी

डोंबिवलीची जागा विकून गावाकडे यायचं म्हणणारे माझ्या ओळखीत दरवर्षी दोघं-तिघं निघतातच. घर मूळ गावी नको, जरा शहराचं हवं, म्हणून गाडी दोन नावांवर येऊन अडते.

आधी माणसं. मालवण शहराची लोकसंख्या २००१ ला १८,६७५ होती, २०११ ला १८,६४८. दहा वर्षांत सत्तावीस कमी. अख्खा सिंधुदुर्ग जिल्हाच तेव्हा ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरला होता. सावंतवाडी २०११ ला २३,८५१. पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, त्यामुळे हे आकडे जुने धरा. पण मालवणात फिरलात तर गावाची वस्ती घटली असं कुणी म्हणणार नाही, इतकी बांधकामं दिसतात. दिवसा घरं मोजू नका, संध्याकाळी दिवे मोजा. आमच्या शेजारचं चिऱ्याचं घर घ्या. सातबाऱ्यावर अकरा नावं, राहणारं कुणी नाही, किल्ली काकीच्या माजघरात खिळ्याला. “सांजेक दिवो लावूक मीच येतंय,” काकी म्हणते. घर उघडतं ते चतुर्थीला आणि मे महिन्यात.

म्हणून मालवणात जुनं घर स्वस्त सांगितलं तर हुरळू नका. सामायिकातल्या सगळ्यांच्या सह्या जमवताना दोन-तीन वर्षं सहज जातात, एखादा हिस्सेदार परदेशात असतो. समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आहेतच. बागायत घ्यायची तर तुमच्या नावावर शेतजमीन असल्याचा पुरावा लागतो. आणि विहिरीचं पाणी वैशाखात स्वतः चाखून बघा, पावसाळ्यात सगळ्याच विहिरी गोड. सावंतवाडीत फ्लॅट मिळतो, कागद सुटसुटीत असतात, भाड्याची घरंही सापडतात. अंगण मात्र विसरा.

खरा फरक कमाईत आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पैसा येतो तो पर्यटकांच्या खोल्या, खानावळी, होड्या आणि मासळीतून. दिवाळी ते मे हात रिकामा नसतो. मग १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, किल्ल्यावर जाणारी होडी पावसात बंद, खोल्या ओस. आठ महिन्यांत मिळवायचं आणि बारा महिने खायचं. ज्याच्या घरात पहाटे उठून घावणे घालणारं माणूस आहे, त्याला हे जमतं. नुसत्या दोन खोल्या बांधून मुंबईतून फोनवर धंदा चालवू म्हणणाऱ्यांचे पाट्या लावलेले बंद बंगले मी पाहिलेत.

सावंतवाडी पगाराचं आणि पेन्शनचं गाव. शिक्षक, बँकवाले, निवृत्त मंडळी संध्याकाळी मोती तलावाला फेऱ्या मारताना भेटतात. सकाळी गोव्याच्या वाटेला लागलेल्या मोटारसायकली मोजा, तरुण पोरं कुठे कमावतात ते कळेल. २०२३ च्या जानेवारीत उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गोवा आणखीच जवळ आलाय. रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे, पण आहे. मालवणकराला गाडी पकडायला कुडाळ किंवा कणकवली गाठावी लागते. दुखणं मोठं असेल तर दोघांनाही गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटलच, फक्त सावंतवाडीचा रस्ता कमी.

माझं मत विचाराल तर नोकरी शोधायची असेल, मुलं शाळेत असतील किंवा घरात हृदयाचा रुग्ण असेल, तर सावंतवाडी. मालवण त्यालाच, ज्याची तिथे स्वतःच्या एकट्याच्या नावावर जागा आहे आणि पाहुण्यांचं करायला अंगात बळ आहे. ठरवण्याआधी जुलैचा अख्खा महिना तिथे काढा. मे बघून घेतलेले निर्णय मी मोजत नाही.

माझा मावसभाऊ आता सावंतवाडीत भाड्याने राहतो, गोव्यात कामाला जातो. यंदा वैशाखातले तीन रविवार तो मालवणच्या घराची कौलं परतत होता. खाली काकी उभी राहून फुटकी कौलं मोजत होती.