मर्सिडीजचं एफ-१ इंजिन: गिऱ्हाईक संघानं (म्हणजे दुसऱ्याचं इंजिन विकत घेणाऱ्या संघानं) घ्यावं का?

माल चोख आहे, वाद नाही. २०१८ पासून एफआयएची (शर्यतींचे नियम करणाऱ्या संस्थेची) ताकीद आहे: गिऱ्हाईक संघाला इंजिन बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या संघासारखंच इंजिन, तेच सॉफ्टवेअर, तेच मोड (ताकदीच्या सेटिंग्ज). २०२४ मध्ये मॅक्लारेननं याच इंजिनावर संघांचं विजेतेपद मारलं. खुद्द मर्सिडीज चौथी! याहून मोठी पावती काय हवी?

गोची आहे ती बसवण्यात. २०२१ साठी रेनो सोडून हे इंजिन घेताना मॅक्लारेनला चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) मागचा भाग आणि कूलिंग नव्यानं आखावं लागलं. गाडीत बदल करायला मिळालेले विकास-टोकन त्यातच खर्ची पडले. हंगामाला ठरलेल्या कोट्याबाहेरचं पहिलं इंजिन लावलं की ग्रिडवर (शर्यत सुरू होतानाच्या रांगेत) दहा जागा मागं, ते वेगळंच.

पुरवठादारानं नकार दिला तर? नियमानं सर्वांत कमी संघांना इंजिन पुरवणाऱ्या कंपनीला ते द्यावंच लागतं. पण असं गळ्यात मारलेलं इंजिन कोण हौसेनं घेईल?