टोन्ड आणि प्रूफ नाण्यांच्या फोटोसाठी गूजनेक दिव्यांची जोडी: तीन महिने वापरून

माझ्याकडे पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया आहे, मधे सोनेरी, मग जांभळा आणि कडेला गडद निळा, हातात धरून हलवला की असला सुंदर दिसतो, पण फोटो काढला की नुसता काळपट! रिंग लाइट झाला, खिडकीतला उजेड झाला, शेवटी वाकवता येणाऱ्या मानेचे हे दोन एलईडी दिवे घेतले, जोडी साधारण चौदाशेला पडली.

फरक खरंच पडला, पण दिवे कुठे ठेवायचे ते कळल्यावर. हे रंग (यालाच टोनिंग म्हणतात) म्हणजे चांदीवर बसलेल्या सल्फाइडच्या पातळ थराचे, थराची जाडी बदलली की रंग बदलतो, आणि नाण्यावरून परावर्तित झालेला उजेड सरळ लेन्समधे आला तरच ते दिसतात. म्हणून दिवे घड्याळातल्या १० आणि २ च्या जागी, आणि जमेल तितके वर, लेन्सला जवळजवळ चिकटून. रिंग लाइटला हे जमत नाही, गूजनेकची मान मात्र हवी तिथे वळते. १०० एमएमची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स असेल तर नाणं आणि लेन्सच्या मधे दिव्यांना जागा मिळते, कमी एमएमच्या लेन्सने फार अडचण होते.

प्रूफचं, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचं, गणित उलटं. मुंबई टांकसाळीच्या प्रूफ नाण्याचा सपाट भाग आरसाच असतो, दिवा तसाच वर ठेवला की सगळं पांढरं फटक. तिथे दिवे थोडे खाली आणि बाजूला घेतले, समोर बटर पेपर लावला आणि लेन्सभोवती काळा कार्ड पेपर धरला, म्हणजे आरशात काळंच दिसतं आणि दुधी नक्षी छान उठून येते. नाणं कॅप्सूलमधून काढणार असाल तर कृपा करून फक्त कडेने धरा, बोटाचा ठसा उमटला की कायमचा.

तक्रारी दोन. ब्राइटनेस अगदी कमी केला की दिवा लुकलुकतो आणि फास्ट शटरला फोटोत पट्टे येतात, म्हणून मी दिवे फुल ठेवून शटर स्लो करते, ट्रायपॉड आणि टायमर लावून. दुसरं म्हणजे क्लिप जाड टेबलाला नीट बसत नाही. रंगाबद्दल तक्रार नाही, फक्त खोलीतली ट्यूब बंद करून ग्रे कार्डवर (करड्या रंगाचा कागद) कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, सेट करा, ऑटोवर ठेवलंत तर निळ्याचा हिरवा होतो आणि विकत घेणाऱ्याची फसवणूक होते, ते मला अजिबात पटत नाही.

अजून एक प्रयोग चालू आहे. फ्रेमवाल्याकडून साध्या काचेचा तुकडा आणलाय, तो नाण्यावर ४५ अंशात तिरका धरायचा आणि या जोडीतलाच एक दिवा बाजूने काचेवर मारायचा, म्हणजे उजेड बरोबर वरून पडतो. रुपयाचा कडेचा निळा रंग पहिल्यांदा पूर्ण गोल दिसला तो असाच! काच सध्या दोन पुस्तकांना टेकवून ठेवते, सुताराकडून तिच्यासाठी खाचेचा स्टँड करून घ्यायचाय.