लेहले पी-स्प्लिट: दोन अँपमधला हम घालवणारी डबी

गिटारवर दोन अँप (अँप्लिफायर) एकत्र वाजवायचे म्हटलं की बहुतेकांचं वाय-केबलवर, म्हणजे एका टोकाची दोन करणाऱ्या केबलवर भागतं. मग दुसरा अँप जोडला की ५० हर्ट्झचा हम (सततची घरघर) सुरू. दोन्ही अँपना प्लगमधून अर्थिंग असतं, शिवाय गिटार केबलच्या शिल्डनेही (बाहेरच्या धातूच्या जाळीने) ते एकमेकांना जोडले जातात. झाला ग्राउंड लूप. स्टेजवर यावर थ्री-पिनची अर्थची पिन काढतात. हे करू नका. गिटारच्या तारा शिल्डलाच जोडलेल्या असतात. अँप बिघडला तर करंट तारांवर आणि ओठ माईकला.

पी-स्प्लिट हा लूप ट्रान्सफॉर्मरने तोडतो. एक आउटपुट थेट, दुसरा ट्रान्सफॉर्मरमधून (आयसो). बॅटरी नाही, अॅडॉप्टर नाही. फूटस्विचही नाही, म्हणजे दोन्ही अँप कायम चालू. गाण्यात मध्येच अँप बदलायचा असेल तर ही वस्तू तुमची नाही, एबीवाय पेडल (पायाने एक, दुसरा किंवा दोन्ही अँप निवडणारं) घ्या.

तपासायची पद्धत: गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, आधी एकच अँप जोडा. तेव्हाच हम असेल तर दोष लूपचा नाही. केबल, पेडलचा पॉवर सप्लाय किंवा अँप बघा. दुसरा जोडल्यावर आला तर तो अँप आयसोवर घ्या आणि ग्राउंडचं बटण लिफ्टवर टाका, म्हणजे त्या बाजूचं ग्राउंड तुटतं. एवढ्याने जवळजवळ नेहमी शांत होतं.

दुसरं बटण फेजचं, म्हणजे सिग्नल उलटा करणारं, आणि निम्मी किंमत इथेच वसूल होते. जुन्या ब्लॅकफेस फेंडर अँपचे नॉर्मल आणि व्हायब्रेटो चॅनेल एकमेकांच्या उलट फेजमध्ये असतात, कारण व्हायब्रेटोत एक गेन स्टेज (सिग्नल वाढवणारा टप्पा) जास्त. अशा जोडीत दोन अँप मिळून एकापेक्षा पातळ वाजतात. दोन्ही सारख्या आवाजावर ठेवा, सहावी तार छेडा, बटण दाबून बघा. बास भरतो ती बाजू बरोबर. पण उशीर या बटणाने जात नाही. एका बाजूला डिजिटल मॉडेलर (अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) असेल, किंवा एक कॅबिनेट मीटरभर मागे असेल (साधारण ३ मिलिसेकंद), तर आवाज पोकळच राहणार. कॅबिनेट एका रेषेत आणा.

खटकणारी गोष्ट म्हणजे ट्रेबल. डबी पॅसिव्ह (वीज न लागणारी) असल्यामुळे दोन्ही अँपचा भार थेट पिकअपवर येतो: १ मेगओहमचे दोन इनपुट मिळून ५०० किलोओहमच, वर केबलची कपॅसिटन्स. सहा-सहा मीटरच्या दोन केबल लावल्या तर सिंगल कॉइल पिकअपचा आवाज मंदावल्याचं लगेच कळतं. आधी एक बफर (पिकअपवरचा भार स्वतःवर घेणारं सर्किट) हवाच. पेडलबोर्डवर शेवटी बॉस कंपनीचं साधं पेडल असेल तर तेच पुरतं, बंद असतानाही ते बफर करतं. फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) मात्र या बफरच्या अलीकडे, गिटारजवळ ठेवा.

स्टीरिओ डिले वापरत असाल तर फक्त उजवा आउटपुट डबीत घाला, आयसोमधून काढा आणि थेट आउटपुट मोकळा सोडा. डावा सरळ अँपमध्ये. दोन्ही अँपच्या इफेक्ट लूपमध्ये (अँपमागच्या पेडल जोडायच्या जागेत) एकच स्टीरिओ पेडल टाकलंत तर ग्राउंड लूप मागच्या दाराने परत येतो.